थकव्याचा हिशेब

व्यापारी घरात आजारपणाची दखल सहसा दोनच प्रसंगी घेतली जाते. एक, ताप चढला तर. दुसरे, माणूस अंथरुणाला खिळला तर. नुसत्या थकव्याला आजाराचा मान मिळत नाही. मालाची आवक, उधारीची वसुली, जीएसटीच्या तारखा, सणवार, पाहुणेरावळे आणि चातुर्मासातील धावपळ या साऱ्यात थकणे हे ओघानेच आले, असे समजले जाते. त्यावरचा उपायही ठरलेला असतो. औषधाच्या दुकानातून ताकदीच्या गोळ्यांची एक पट्टी आणायची, ती संपली की दुसरी. ती कोणी सांगितली, कशासाठी सांगितली आणि किती दिवस घ्यायची, हे प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. जो व्यापारी पोत्यातील धान्य हातात घेतल्यावाचून भाव बोलत नाही, तोच जीवनसत्त्वांच्या बाबतीत मात्र माल न पाहता सौदा करतो.

नगर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी भुसार मालाची अडत करणारे एक स्थानकवासी कुटुंब राहते. तीन भाऊ, एक पेढी आणि एकच स्वयंपाकघर. धाकट्या भावाच्या पत्नीला घरातली मुले काकी म्हणतात, म्हणून आता सारे गावच त्यांना काकी म्हणते. पहाटे उठून सामायिक, मग नवकारसी होईपर्यंत घरातल्या दहा-बारा माणसांच्या न्याहारीची तयारी, दुपारी पाठशाळेतील मुलांचे सूत्रपाठ आणि दिवाळीच्या सुमारास पेढीच्या व्याजाचे आकडे तोंडी जुळवून देणे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. वयाची चाळिशी उलटली तरी आजारपण त्यांना ठाऊक नव्हते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये त्या घरात सात जणांना कोरोना झाला. काकींचा ताप पाचव्या दिवशी उतरला आणि रुग्णालयाची पायरी चढण्याची वेळ आली नाही. त्यामुळे जून उजाडल्यावरही त्या जिना चढताना मध्येच बसू लागल्या, तेव्हा कोणाला त्यात विशेष काही वाटले नाही. अशक्तपणा आहे, जाईल, असेच सारे म्हणाले. पण तो गेला नाही, आणि त्याची रीतही वेगळीच होती. घरी वीस माणसांची पंगत असली तर त्या दिवशी काकी उभ्या राहून सारे निभावून नेत. त्रास सुरू होई तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. मग डोके उशीवरून उचलवत नसे, बोलणे नकोसे होई, खिडकीतला उजेडही डोळ्यांना खुपे. आठ तास झोपूनही त्या न झोपल्यासारख्या उठत. उभ्याने पोळ्या करताना भोवळ येई. व्याजाच्या हिशेबात हातचा किती धरला होता, हेच त्या विसरू लागल्या. पायांना सतत मुंग्या येत आणि जीभ सोललेल्यासारखी लाल होई, ते वेगळेच.

घराने उपचारात कसूर केली नाही, उलट अतिरेकच केला. पुतण्याने बहुजीवनसत्त्वांच्या गोळ्या आणल्या. मुंबईच्या नणंदेने जस्ताच्या आणि क जीवनसत्त्वाच्या पाठवल्या. कोणी केसांसाठी म्हणून, कोणी हाडांसाठी म्हणून आणखी काही सुचवले. दिवाळीपर्यंत स्टीलच्या एका डब्यात नऊ प्रकारच्या गोळ्या जमल्या. थकवा मात्र होता तेवढाच होता. एके दिवशी जाऊबाई सहज बोलून गेल्या, "एवढ्या गोळ्या चालू आहेत, मग आता कसला ग थकवा?" त्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. पण काकींना थकव्यापेक्षा तेच जास्त लागले. डब्यातल्या गोळ्या त्यांच्या आजाराच्या बाजूने साक्ष देत नव्हत्या, विरुद्धच देत होत्या. त्यांनी त्या दिवसापासून सगळ्याच गोळ्या बंद केल्या आणि थकल्याचे सांगणेही बंद केले.

तीन-चार महिन्यांनी त्या स्थानकात व्याख्यान ऐकताना कोसळल्या, तेव्हा त्यांना पुण्याला एका वैद्यकतज्ज्ञाकडे नेण्यात आले. त्या डॉक्टरांनी एकही गोळी लिहून देण्याआधी रक्त तपासायला सांगितले. हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ब-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर, मूत्रपिंड आणि यकृत, असा तो साधासुधा तपास होता. थायरॉइड आणि साखर ठीक होती. ब-१२ फारच खाली गेले होते, ड जीवनसत्त्वही कमी होते आणि लोहाचा साठा जवळजवळ संपला होता. डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला, जो त्या दिवसापर्यंत कोणीच विचारला नव्हता. पित्ताची गोळी किती वर्षे घेता? काकी सहा वर्षांपासून रोज सकाळी उपाशीपोटी ती घेत होत्या.

या प्रश्नाचे मर्म जैन घरांनी समजून घेण्यासारखे आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करत नाही आणि कोणताही प्राणीही करत नाही. ते केवळ काही सूक्ष्म जीवाणू तयार करतात. शाकाहारी माणसाला ते मिळते ते दूध, दही, ताक आणि पनीर यांतून. प्रौढ माणसाची दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम इतकी अल्प आहे. पण पेलाभर दुधातून जेमतेम एक मायक्रोग्रॅम मिळते, आणि दिवसाकाठी दोन कप चहातले दूध म्हणजे काही दूध पिणे नव्हे. शिवाय अन्नातले ब-१२ सुटे व्हायला जठरातले आम्ल लागते. पित्ताच्या गोळ्या ते आम्लच कमी करतात. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यानेही ब-१२ चे शोषण घटते. गादीवर बसून व्यवसाय करणाऱ्या आणि जेवणाच्या वेळा सांभाळू न शकणाऱ्या आपल्या समाजात या दोन्ही गोळ्या किती घरांत नित्याच्या आहेत, हे निराळे सांगायला नको. यकृतात ब-१२ चा साठा काही वर्षे पुरेल एवढा असतो. त्यामुळे उणीव हळूहळू वाढत जाते आणि लक्षात येते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

ही उणीव आपल्याकडे किती पसरलेली आहे, हे पुण्यातच मोजले गेले आहे. के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ पुरुषांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध केली. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले, आणि हे प्रमाण शहरी मध्यमवर्गात सर्वाधिक होते. ज्यांना अन्नाची ददात नाही, त्यांच्याच ताटात ही उणीव होती.

या जीवनसत्त्वाचा इतिहास वाचताना शाकाहारी माणसाला थोडे अवघडल्यासारखे होते. १९२६ साली अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी एका प्राणघातक पांडुरोगावर रुग्णांना रोज प्राण्याचे यकृत खायला घालून त्यांचे प्राण वाचवले. व्हिपल यांच्यासह त्यांना १९३४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. यकृतातला तो गुणकारी घटक म्हणजे ब-१२, हे उमगायला १९४८ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये त्याचे लाल स्फटिक वेगळे करण्यात आले. डोरोथी हॉजकिन या विदुषीने १९५६ मध्ये त्याची रचना उलगडली. आज गोळीतले किंवा इंजेक्शनातले ब-१२ यकृतातून काढत नाहीत. ते मोठ्या टाक्यांत जीवाणूंच्या साहाय्याने तयार होते. त्यात पशुहत्या नाही. सूक्ष्म जीवांचा प्रश्न मात्र राहतो, आणि ज्यांचे व्रत तितके सूक्ष्म आहे त्यांनी आपल्या गुरुजनांना तो अवश्य विचारावा. तो विचारताना दहीही जीवाणूंच्याच योगाने लागते, हे ध्यानात असू द्यावे.

याच इतिहासाचे एक पान मुंबईचेही आहे. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या आणि गिरणी कामगार वस्तीतील गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा त्यांनी हाफकिन संस्थेत अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्या स्त्रियांना गुण आला. त्या अर्कातला उपयोगी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आज गरोदर सुनेला फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते ती या परंपरेतली. पण ब-१२ कमी असताना नुसते फॉलिक आम्ल घेत राहिल्यास रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. शाकाहारी घरातील गरोदर स्त्रीचे ब-१२ म्हणूनच तपासले पाहिजे. आईकडे ते नसेल तर अंगावर पिणाऱ्या बाळालाही मिळत नाही, आणि बाळाची वाढ खुंटते, ते सुस्त होते, कधी हातापायांना कंपही सुटतो.

काकींना प्रथम ब-१२ ची काही इंजेक्शने आणि नंतर रोज एक गोळी देण्यात आली. गरज दोन मायक्रोग्रॅमची आणि गोळी हजारची कशासाठी, अशी शंका त्यांच्या यजमानांनी विचारली. व्यापाऱ्याला ती सुचणे साहजिकच होते. डॉक्टरांनी सांगितले की शरीर एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नेहमीच्या मार्गाने शोषून घेते. उरलेल्यातून शेकडा एखादाच भाग आपोआप आत झिरपतो. हजारातून दहा मिळावेत म्हणून हजार. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटांची मात्रा आठवड्यातून एकदा, अशी आठ आठवडे ठरली, तीही दुधाबरोबर घ्यायची पूड म्हणून. लोहाची गोळी चहा आणि दूध यांपासून दोन तास दूर ठेवायला सांगितली. साऱ्या मात्रा दिवसा घ्यायच्या असल्याने चौविहाराला कोठेही बाध आला नाही.

तीन महिन्यांत फरक पडला, आणि तो खरा होता. पायांच्या मुंग्या गेल्या, जीभ पूर्ववत झाली, चेहऱ्यावरचा फिकेपणा ओसरला. काकी पुन्हा जिना चढू लागल्या. घराला वाटले, आजार संपला. पर्युषण जवळ आले होते. त्यांनी उत्साहाने तेल्याची म्हणजे सलग तीन उपवासांची तयारी केली आणि त्याआधी दोन दिवस घरातल्या भांड्याकुंड्यांची साफसफाई काढली. पर्युषणाचा पहिला दिवस त्यांनी अंधाऱ्या खोलीत अंथरुणावर काढला. तेला तर दूरच राहिला, प्रतिक्रमणाला बसणेही जमले नाही.

तेव्हा डॉक्टरांनी जे निदान केले, त्याचे नाव लांबलचक आहे. मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटिग सिंड्रोम, म्हणजे दीर्घकालीन थकव्याचा विकार. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील कर्मचाऱ्यांमध्ये अशा आजाराची साथ आली होती, तेव्हापासून वैद्यकशास्त्र त्याच्याशी झुंजत आहे. अनेकदा एखाद्या विषाणूच्या आजारानंतर तो जडतो, आणि कोरोनानंतर जगभर असे रुग्ण वाढले. सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणारा, विश्रांतीने न जाणारा थकवा, झोपूनही ताजेतवाने न वाटणे, विचारांत गुंता होणे किंवा उभे राहिल्यावर त्रास होणे आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे श्रमानंतर काही तासांनी अथवा दुसऱ्या दिवशी प्रकृती एकदम ढासळणे, ही त्याची लक्षणे. त्याची एकच एक अशी रक्ततपासणी नाही. म्हणून इतर कारणे आधी तपासून दूर करावी लागतात. ब-१२ आणि लोह यांची उणीव हे असेच एक कारण होते. ती भरून निघाली आणि जो थकवा उरला, तोच खरा आजार होता.

हा उरलेला थकवा जीवनसत्त्वांनी जातो काय? ब्रिटनमधील नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या विकाराबाबत नवी सूत्रे प्रसिद्ध केली. जीवनसत्त्वे आणि खनिजे यांच्या पूरक गोळ्यांनी हा विकार बरा होतो किंवा आटोक्यात राहतो, असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असे त्यांत स्पष्ट सांगितले आहे. घराबाहेर पडू न शकणाऱ्या रुग्णाला ऊन मिळत नाही, म्हणून त्याच्या ड जीवनसत्त्वाकडे लक्ष द्यावे, इतकेच. आधी दिला जाणारा, व्यायाम ठरावीक मापाने वाढवत नेण्याचा सल्लाही त्या संस्थेने मागे घेतला. उणीव असेल तर गोळी ती फेडते. उणीवच नसेल तर तिला करण्यासारखे काही उरत नाही.

घराला हे पटायला वेळ लागला. ज्या गोळ्यांनी अर्धा गुण आला, त्याच दुप्पट घेतल्या तर पूर्ण गुण येईल, हा हिशेब वरवर बरोबर वाटतो. साठ हजारांची ती पूड आठ आठवड्यांनी थांबली नाही, दहा महिने चालू राहिली. त्यातच गावातील एका दवाखान्यात कोणाच्या तरी आग्रहावरून सहा लाख युनिटांचे इंजेक्शनही देण्यात आले. जोडीला ब-६ चा भरपूर अंश असलेली एक गोळी होती. काकींना मळमळ सुरू झाली, तहान भागेना, बद्धकोष्ठ झाले आणि अशक्तपणा पूर्वीहून वाढला. घरच्यांना वाटले, आजार उलटला. पुण्यात रक्त तपासल्यावर कॅल्शियम वाढलेले निघाले. ड जीवनसत्त्व चरबीत साठून राहते. ते अति झाले की रक्तातले कॅल्शियम वाढते, आणि त्याचे पहिले लक्षण म्हणजे पुन्हा थकवाच. ब-६ मोठ्या मात्रेत महिनोन् महिने घेतले तर हातापायांना मुंग्या येतात, नेमक्या ब-१२ च्या उणिवेत येतात तशाच. ज्या दुखण्यासाठी गोळी घ्यायची, तेच दुखणे तिच्या अतिरेकाने उभे राहते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोहोंतला भेद कळत नाही. डॉक्टरांनी सारे थांबवले, भरपूर पाणी पिण्यास सांगितले आणि दर काही दिवसांनी रक्त तपासत राहिले. कॅल्शियम जागेवर यायला काही महिने लागले.

त्यानंतर सुरू झालेला उपचार कोणत्याही दुकानात मिळत नाही. डॉक्टरांनी काकींना एक वही घालायला सांगितली. कोणत्या दिवशी काय काम केले आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रकृती कशी राहिली, याची ती रोजची नोंद. यजमानांनी पेढीवरची लाल कापडी पुठ्ठ्याची वही आणून दिली आणि स्वतः रकाने आखले. पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट झाले. सलग तासभर उभ्याने स्वयंपाक केला की तिसऱ्या दिवशी अंथरूण ठरलेले. वीस मिनिटे बसून काम आणि अर्धा तास पडून विश्रांती, असा क्रम ठेवला तर दिवस निभावतो. पाहुण्यांशी दोन तास बोलणे हेही श्रमच, फोनवरचा संवादही श्रमच. अंगात बळ वाटते त्या दिवशी राहिलेली सगळी कामे उरकण्याचा मोह होतो आणि घात तिथेच होतो. मुद्दल खर्चून पेढी चालत नाही, हे यजमानांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तीच गोष्ट पत्नीच्या शक्तीबाबत खरी आहे, हे मात्र त्या वहीने त्यांना दाखवले.

हे सारे घरात रुजले ते सासूबाईंमुळे. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे, पण वर्षीतप दोनदा केलेला. वहीतली माहिती नातवाने वाचून दाखवली, तेव्हा त्या सुनेला म्हणाल्या, "पोटाची उणोदरी सगळेच करतात. तू कामाची उणोदरी कर. चार घासांची भूक ठेवून उठतो ना, तसे थोडे बळ शिल्लक असतानाच काम सोडायचे." तपाच्या भाषेत सांगितलेली ती गोष्ट काकींना एकदम उमगली. विश्रांती म्हणजे आळस, ही मनातली बोच कमी झाली. पोळपाट-लाटणे खाली बैठकीवर आले, न्हाणीघरात स्टूल आले, आणि पंगतीचे काम जावांनी वाटून घेतले.

तपाचा प्रश्न मात्र मनातून गेला नाही. उपवास नाही, तेला नाही, चातुर्मासात एकासणेही झेपत नाही, याचे त्यांना वाईट वाटे. गावात विराजमान असलेल्या महासतीजींना त्यांनी ते बोलून दाखवले. महासतीजींनी आठवण दिली की पच्चक्खाण घेतानाच त्यात आगार सांगितलेले असतात. समाधी भंग पावण्याची वेळ आली तर औषधाची सवलत प्रत्याख्यानाच्या पाठातच आहे, ती कोणी नंतर पळवाट म्हणून जोडलेली नाही. बाह्य तप सहा प्रकारचे आणि आभ्यंतर तपही सहा प्रकारचे. स्वाध्याय आणि ध्यान हीही तपेच आहेत, आणि रुग्णाची सेवा म्हणजे वैयावच्च, हेही आभ्यंतर तप आहे. काकींनी स्वाध्याय करावा आणि घरच्यांनी वैयावच्च करावे, असा निवाडा त्यांनी दिला.

याच बोलण्यातून गोळ्या कशाच्या बनतात हा विषय निघाला, आणि काकींच्या डब्याची घरात तपासणी झाली. मऊ, चकचकीत कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. खाद्यपदार्थांच्या आणि पूरक आहाराच्या वेष्टनावर हिरवा ठिपका पाहता येतो. पण औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर असे चिन्ह सक्तीचे नाही, त्यामुळे केवळ ठिपका शोधून भागत नाही, आवरण कशाचे हे विचारावे लागते. वनस्पतीच्या सेल्युलोजपासून केलेली कॅप्सूल मिळते, आणि बहुतेक जीवनसत्त्वे साध्या गोळीच्या किंवा पुडीच्या रूपातही मिळतात. ड-३ हे बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून तयार होते. दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतीसदृश लायकेनपासून केलेलेही आता उपलब्ध आहे. माशाच्या यकृताचे तेल, कोलॅजेन आणि माशाचे ओमेगा-३ ही तर सरळ प्राणिज द्रव्ये आहेत, आणि थकव्यावर म्हणून ती सर्रास सुचवली जातात. काकींच्या डब्यात यांपैकी दोन वस्तू निघाल्या. घरात मीठ-मसाला निवडून घेणाऱ्या माणसांनी दोन वर्षे ते पाहिले नव्हते.

याच प्रसंगी आणखी एका गोष्टीचा विचार घरात झाला. थोरल्या जाऊबाईंनी दूध, दही, तूप या विगयांचा दीर्घ काळ त्याग केला होता. पुण्यात शिकणाऱ्या पुतणीने गोठ्यांतील क्रौर्य पाहून दूध सोडले होते. आयंबिलाच्या ओळीचे नऊ दिवस दुधाविना गेले तर शरीराचे काही बिघडत नाही, साठा पुरेसा असतो. पण महिनोन् महिने आणि वर्षानुवर्षे दूध वर्ज्य असेल, तर शाकाहाऱ्याला ब-१२ मिळण्याचे ते एकमेव दारही बंद होते. दोघींचाही त्याग अहिंसेच्या भावनेतून आला होता आणि दोघींच्याही रक्तात ब-१२ कमी निघाले. त्याग मोडायला कोणी सांगितले नाही. रोजची एक गोळी मात्र दोघींनाही ठरवून देण्यात आली. पुतणीला वर्गात येणारी पेंग दोन महिन्यांत गेली. तिचा थकवा निव्वळ उणिवेचा होता. काकींचा तसा नव्हता, आणि वर्षभरापूर्वी त्या दोघींना एकाच दुकानातून एकच पट्टी मिळाली असती.

आपल्या समाजात औषधदानाची परंपरा मोठी आहे. आरोग्य शिबिरे भरतात, चष्मे दिले जातात, ताकदीच्या गोळ्यांच्या पट्ट्या वाटल्या जातात. अशा शिबिरात पट्टी वाटण्याऐवजी ब-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून दिले, तर त्याच खर्चात अधिक शाता पोहोचेल. तपासणी आधी आणि गोळी नंतर, हा क्रमही महत्त्वाचा आहे, कारण गोळी सुरू केल्यावर रक्तातला आकडा वाढतो आणि मूळची स्थिती झाकली जाते. मधुमेहाचे मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी वर्षाहून अधिक काळ घेणाऱ्यांनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, दूध सोडलेल्यांनी आणि साठीपुढील ज्येष्ठांनी ही तपासणी वैद्यांच्या सल्ल्याने जरूर करून घ्यावी. उणीव निघाली तर किती मात्रा, किती दिवस आणि पुन्हा तपासणी केव्हा, या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. आणि उणीव भरून निघाल्यावरही माणूस थकतच असेल, तर त्याच्या गोळ्या वाढवू नयेत. त्याचे काम कमी करावे.

काकींना हा आजार होऊन आता काही वर्षे लोटली. त्या पूर्वीसारख्या झालेल्या नाहीत आणि कदाचित होणारही नाहीत. दिवसाकाठी तुकड्यातुकड्यांनी दोन-अडीच तासांचे काम त्यांना झेपते. आठवड्यातून दोनदा पाठशाळेतील चार-पाच मुले घरी येतात, आणि त्या पडल्या पडल्या त्यांच्याकडून सूत्रे म्हणवून घेतात. व्याजाचे आकडे आता पुतण्या संगणकावर जुळवतो. डब्यात दोनच गोळ्या उरल्या आहेत, रोजची ब-१२ आणि डॉक्टर सांगतील तेव्हा ड. अंथरुणावरचे दिवस अधूनमधून येतात. अशा दिवशी जाऊबाई आता प्रश्न विचारत नाहीत. खिडकीचा पडदा ओढून घेतात, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवतात आणि दार हलकेच लोटून मुलांना अंगणात खेळायला पाठवतात.